पंच्याखालची टेप

घरातलं कुठलंही कार्य माझ्यावर सोपवा आणि निर्धास्त झोपा, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणत असे. १९८६ साली आजीचं वर्षश्राद्ध आलं, तेव्हाही हेच म्हणालो. पांढुर्ण्यापासून बोरगावपर्यंत नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली: भाषणं होणार नाहीत, केसरबाई स्वतःच आपलं आयुष्य सांगतील!

कारण माझ्याकडे टेप होती. आजी जाण्याच्या दोन महिने आधी मी नागपूरहून टेपरेकॉर्डर आणून तिला बोलतं केलं होतं. ती गेल्यावर मात्र ऐकायचा धीर झाला नाही. मला रडू आलं असतं, आणि मी पडलो शाळामास्तर.

सौंसरच्या आमच्या घराला त्या आवाजाची गरजही होती. आजीच्या पानाच्या डब्यातून तिचा पितळी अडकित्ता नाहीसा झाला होता. वत्सलाकाकूला वाटे, तो माझ्या आईने लपवला; आईला वाटे, काकूने. विचारणं म्हणजे चोर म्हणणं, म्हणून विचारलं कुणीच नाही. वर्षभर दोघी एकाच स्वयंपाकघरात गोटमारीच्या जत्रेत नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणाऱ्या पांढुर्णा-सावरगावसारख्या समोरासमोर होत्या. शेवटी पुंडलिककाकांनी ठरवलं, वर्षश्राद्ध झालं की चुली वेगळ्या. अंगणात विटासुद्धा येऊन पडल्या. आजीचा आवाज ऐकून दोघी विरघळतील, ही माझी शेवटची आशा.

जेवणाआधी चाळीस माणसं सतरंजीवर बसली. मी बटण दाबलं.

"माह्यं नाव केसर. माहेर बोरगाव."

अकराव्या वर्षी आजी बैलगाडीतून सासरी आली, संत्र्याची पहिली कलमं तिने डोक्यावरून पाणी वाहून जगवली. काकांनी उपरणं डोळ्यांना लावलं. आई आणि काकू दोघीही मुसमुसू लागल्या. मी विजयी नजर फिरवली.

तेवढ्यात आजी म्हणाली, "मोरेश्वरा, बंद कर आता ते."

आणि मला आठवलं! तेव्हा मी "केलं" म्हणालो होतो आणि टेपरेकॉर्डरवर नुसता पंचा टाकून शाळेत पळालो होतो; पुढचं मी स्वतःही ऐकलेलं नव्हतं.

"आता खरं सांगतो," आजी म्हणाली. "वत्सला..."

माझा हात बटणाकडे झेपावला. काकांनी मनगट धरलं.

"आई बोलून राहिली. मधात हात घालू नको."

मग आजीने काकूची भाजी चाळीस माणसांसमोर अळणी ठरवली. मिरची वाटताना तिचं तोंड वरवंट्यापेक्षा जोरात चालतं, असंही सांगितलं. आईच्या ओठांवर हसू यायच्या आत तिचा नंबर लागला. दुपारी आजीचा डोळा लागला की आई डब्यातले तिळाचे लाडू खाते आणि मांजरावर ढकलते. मांजर डबा उघडतं आणि पुन्हा झाकण लावतं, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं विश्वास होता! काकूच्या नाकपुड्या फुगल्या. आईची मान खाली. मला दारातून फक्त विटा दिसत होत्या.

"आन अडकित्ता," आजी म्हणाली.

आईने मान वर केली, काकू पुढे सरकली.

"तोंडात दात नाही राह्यला, सुपारी फोडून करू काय? देऊन टाकला पंचफुलेले."

चाळीस माना वळल्या. वीस वर्षं आमची भांडी घासणारी पंचफुला दाराशी पत्रावळी पुसत बसली होती.

"हो, माह्याजवळ हाय," ती म्हणाली. "मले कोणी पुसलंच नाही, तं मी काय सांगू?"

आधी काकू हसली की आई, देव जाणे. काकूने मांजराचं नाव काढलं, आईने अळणी भाजीचं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हसता हसता रडायला लागल्या. मी घाम पुसला.

"आन मोरेश्वरा, पंच्यातून लाल दिवा दिसून राहिला. मी म्हातारी हाय, आंधळी नाही. हे सगळ्यायले एका जागी बसवून ऐकव. आता मले झोप येऊन राहिली."

त्यानंतर आजी घोरू लागली. एक मिनिट गेलं, पाच गेली. भात निवत होता. बोरगावचे पाहुणे पत्रावळींकडे पाहत होते. मी काकांना हळूच विचारलं, बंद करू का?

"राहू दे," काका म्हणाले. "झोपली हाय आई."

चाळीस माणसं उपाशीपोटी आजीचं घोरणं ऐकत बसली. कॅसेट संपून बटण खट्‌कन वर आलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने रडणारा माणूस शाळामास्तर होता.