स्टेपनीखालचा हिरवा

एका जंगलात, मुलांनो, सगळंच हिरवं होतं. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

त्या जंगलात भालोजी अस्वल राहायचा. त्याच्याकडे वडिलांची एक विलायती मोटार होती. दोनच अस्वलं बसतील एवढी. नाक लांब, डोक्यावर छप्पर नाही आणि आवाज असा की दोन टेकड्यांपलीकडची म्हैस दचकावी. इतका पाऊस पडणाऱ्या जंगलात बिनछपराची मोटार कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. हौसेला मोल नसतं आणि छप्परही नसतं.

वडील गेले आणि मोटार वीस वर्षं घाणेरीच्या जाळीत पडून राहिली. मध्यंतरी एका माकडाने ती वरातीसाठी नेली आणि लाल रंगवून परत आणली. मग लालही उडाला.

एक दिवस भालोजीची म्हातारी आत्या आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने मोटारीवरून हात फिरवला.

"भाल्या, भाऊबीजेला दादा मला न्यायला याच गाडीतून यायचा. माहेरच्या जांभळीखाली उतरवायचा. अजून एकदा तशी जाऊ दे रे मला. मग डोळे गेले तरी चालतील."

भालोजी तसा रडवा नव्हता. पण त्या दिवशी त्याने उगाचच बऱ्याचदा नाक शिंकरलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं.

इंजिन महिन्याभरात सुरू झालं. खरी अडचण वेगळीच होती. त्या जंगलात 'अस्सल जुनी वाहने समिती' होती. तिचा बिल्ला असल्याशिवाय जुनी मोटार रस्त्यावर आणता येत नसे, आणि रंग मूळचाच असल्याशिवाय बिल्ला मिळत नसे. समितीचे अध्यक्ष होते दिवाभीतराव घुबड. घुबडाला दिवसा धड दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. समितीलाही ठाऊक होतं. पण अध्यक्षपद वयाने मिळतं, नजरेने नाही.

मोटारीच्या जुन्या पुस्तकात रंगाचं नाव होतं: शर्यतीचा हिरवा.

"म्हणजे माझ्यासारखा," पोपट म्हणाला.

"हॅट! माझ्या पाठीसारखा," बेडूक म्हणाला.

आत्या म्हणाली, "करवंदाच्या जुन्या पानासारखा. पण पान धुतलेलं हवं."

शेवटी भालोजीने सरडेबुवांना बोलावलं. नाकं मुरडू नका. रंगाच्या कामात त्यांच्यासारखा कारागीर दुसरा नव्हता.

सरडेबुवा आल्या आल्या म्हणाले, "पुस्तक मिटा. स्टेपनी काढा."

"स्टेपनी? रंगवायची गाडी आहे, बुवा."

"भालोजीराव, जिथे ऊन पोचत नाही आणि माकड पोचत नाही, तिथे खरा रंग राहतो."

स्टेपनी काढली. धूळ पुसली. खाली तळहाताएवढा गडद हिरवा तुकडा चमकत होता. आत्याने त्याला नाक टेकवून पाहिलं आणि ती खाली बसली.

"हाच रे. दादाची गाडी."

मग सरडेबुवा त्या तुकड्यावर जाऊन बसले. डोळे मिटले. हळूहळू शेपटीपर्यंत तसेच हिरवे झाले. तसेच उठून रंगाच्या डब्यापाशी आले आणि आपल्या शेपटीशी जुळेपर्यंत रंग ढवळत राहिले. मधे कुणी शिंकायचं नाही, अशी त्यांची अट होती. दचकले की ते करडे व्हायचे. तसे ते दोनदा झाले आणि दोन्ही डबे फुकट गेले.

पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, रंग चढला. मोटार अशी दिसू लागली की भालोजी तिच्याशी 'अहो' म्हणून बोलू लागला.

भाऊबीजेच्या दोन दिवस आधी दिवाभीतराव आले. भर दुपारी. त्यांच्या बगलेत समितीचं रंगाचं कार्ड होतं. ते कार्ड चाळीस वर्षं कचेरीच्या खिडकीत, उन्हात टांगलेलं असे. त्यावरचा शर्यतीचा हिरवा आता पिकल्या लिंबासारखा दिसत होता.

अध्यक्षांनी डोळे बारीक करून कार्ड मोटारीला लावलं. "जुळत नाही. नकली."

"साहेब, हा स्टेपनीखालचा रंग आहे!"

"स्टेपनीखालचं स्टेपनीला विचारा. आम्ही कार्ड बघतो."

"कार्ड उन्हाने विटलंय, साहेब."

"कार्ड अस्सल आहे. अस्सल वस्तू विटत नाही. परवा सकाळी येतो. कार्डाप्रमाणे रंगवा, नाहीतर गाडी परत जाळीत ढकला."

ते गेल्यावर भालोजी हताश होऊन म्हणाला, "बुवा, पिवळी तर पिवळी. रंगवून टाका. आत्याला कुठे नीट दिसतं?"

"दिसत नाही, पण ऐकू येतं," मागून आत्या म्हणाली. "पिवळी झाली की ती दादाची नाही. मी आपली सासरीच बरी."

मग सरडेबुवांनी एक डोळा मोटारीकडे फिरवला आणि दुसरा आकाशाकडे. "गाडीला कार्डाचा रंग देता येतो," ते म्हणाले, "तसा कार्डाला गाडीचा का देता येऊ नये? मी बसतो त्याच्यावर."

"पण तुम्ही त्याच्यावर बसलात की पिवळे व्हाल!"

"हो ना," सरडेबुवा म्हणाले. "तेवढी एक अडचण आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणी रंग टिकवलेला नाही."

भाऊबीजेच्या सकाळी अध्यक्ष आले. चष्मा पुसायला त्यांनी कार्ड बॉनेटवर ठेवलं. बॉनेटवर सरडेबुवा आधीच पसरले होते, पण हिरव्यावर हिरवे, ते कोण बघणार? ते हळूच कार्डावर सरकले आणि त्या पिवळट चौकोनावर पालथे पडले.

अध्यक्षांनी कार्ड उचललं. सरडेबुवा डोळे वटारून मोटारीकडे बघत राहिले. घाम फुटला. पोटाखालून पिवळेपणा वर चढू पाहत होता. पाठ टिकली, मान टिकली, पण शेपटीचं टोक लिंबू होऊ लागलं. भालोजी आत्याच्या कानात पुटपुटला, "शेपटी!"

तेवढ्यात आत्या, आधार शोधत असल्यासारखी, पुढे आली आणि तिने त्या शेपटीवर हात ठेवला. "मी बघू का हो, साहेब?"

"बघा, बघा. कार्ड जरा जाड झालंय नाही?"

"ओल लागली असेल," भालोजी म्हणाला.

अध्यक्षांनी कार्ड मोटारीला लावलं. पुन्हा लावलं. "वा! तंतोतंत! बघा, आमची सूचना ऐकली की रंग कसा सुधारतो." त्यांनी बिल्ला दिला, कार्ड बगलेत मारलं आणि ते उडाले. सरडेबुवांसकट.

मोटार गर्जली. म्हैस दचकली. आधी सासरच्या दारापर्यंत वळसा झाला आणि तिथून आत्या पदर सावरत माहेरी निघाली. जांभळीखाली उतरल्यावर तिने दाराला पुन्हा नाक टेकवलं आणि ती म्हणाली, "दादा, हळू चालवत जा रे." भालोजीने पुन्हा नाक शिंकरलं.

तिकडे कचेरीत समितीने कार्ड काढलं, तर त्यावरचा हिरवा डोळे मिचकावत होता. मोठा पेच. चूक मान्य करावी, तर अध्यक्षांना दिसत नाही हे मान्य करावं लागणार. सभा तीन दिवस चालली. शेवटी ठराव झाला की सरडेबुवा हेच यापुढे मूळ रंगाचा अधिकृत नमुना. रोज चार टोळ आणि खिडकीजवळची जागा.

आता कुठलीही मोटार आली की तिच्यावर सरडेबुवांना बसवतात. लाल असो, निळी असो, जुळते. समितीच्या अहवालात लिहिलं आहे की जंगलात आता एकही नकली गाडी उरलेली नाही.

तात्पर्य: रंग बदलू नये, हे खरंच आहे, मुलांनो. सरडेबुवांनी जन्मात एकदाच तो बदलला नाही, आणि त्यांना तो रोज बदलायची कायमची नोकरी लागली.