घंटेतली पोटदुखी

आमच्या शाळेत चौथीतली एक मुलगी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आजारी पडली. यात मुलीची काही चूक नव्हती, हे आरंभीच नमूद करतो. चूक वेळेची होती. अकरा वीसला तिसरा तास संपल्याची घंटा होते आणि ती चांगली चाळीस सेकंद वाजते. मुलगी नेमकी त्या चाळीस सेकंदांत कोसळली.

मी या शाळेचा लिपिक. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. बावीस वर्षं नोकरी झाली, सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नाही. त्या दिवसाबद्दल बाहेर जे तिखटमीठ लावून सांगितलं जातं ते माझ्याही कानावर आहे. म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगतो. नंतर खुशाल नावं ठेवा.

आधी नियम. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला वर्गात भोवळ आली होती. विज्ञानाच्या बाईंनी त्याला उचलून डॉक्टरकडे नेलं. मुलगा तासाभरात उड्या मारायला लागला, पण संध्याकाळी त्याचे वडील तावातावाने आले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे का नेलं नाही? कुणाला विचारून नेलं? बाईंना लेखी माफी मागावी लागली. मग शाळेने शहाणपणा केला आणि 'आजारी विद्यार्थी उत्तरदायित्व समिती' नेमली. सहा बैठका झाल्या आणि नियम निघाला: दुखणं ज्या तासात सुरू होईल, त्या तासाच्या शिक्षकाचं ते दुखणं. त्यानेच नमुना 'ब' भरायचा, त्यानेच मुलाला मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढे, उभं करायचं आणि पुढे काही बरंवाईट झालं तर त्यानेच उत्तर द्यायचं.

नियमाचा गुण लगेच आला. तेव्हापासून शाळेत एकही मूल आजारी पडलं नाही. म्हणजे पडत असतील, नोंद नाही. एखाद्याने पोटावर हात धरला की शिक्षक मायेने म्हणत, "घंटा होऊ दे हं बाळा, मग सांग." पुढच्या तासाचे सरही तेच म्हणत. अशी कित्येक दुखणी पहिल्या तासाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकत सरकत शाळा सुटेपर्यंत सुखरूप घरी पोचली आहेत.

ही मुलगी दुसऱ्या बाकावरची. अंगाने एवढीशी, पण बोलायला चुणचुणीत, म्हणून वर्ग तिला मिरची म्हणतो. त्या दिवशी तिने अकरा वाजता गणिताच्या बाईंना सांगितलं, "बाई, पोटात खूप दुखतंय." बाई म्हणाल्या, "घंटा होऊ दे." मुलगी आज्ञाधारक. वीस मिनिटं ओठ दाबून बसली. घंटा सुरू होताच उठली, दोन पावलं चालली आणि खाली पडली. तेव्हा गणिताच्या बाईंचा एक पाय वर्गाबाहेर पडला होता आणि भूगोलाच्या सरांचा एक पाय आत आला होता.

इथे घोडं पेंड खाऊ लागलं.

"माझ्या तासाला ती ठणठणीत होती," गणिताच्या बाई म्हणाल्या. "सतराचा पाढा म्हटला तिने. आजारी मूल सतराचा पाढा म्हणेल का?"

"माझा तास सुरूच झाला नाही," भूगोलाचे सर म्हणाले. "मी हजेरी घेतलेली नाही. हजेरी होईपर्यंत ही मुलगी शाळेत आली आहे हेच मला अधिकृतपणे ठाऊक नाही."

"मग घ्या हजेरी!"

"घेतो की. ती उठून बसली की घेतो. जमिनीवरून दिलेली हजेरी मी लावत नाही."

दोघंही माणसं वाईट नाहीत, हे लक्षात घ्या. गणिताच्या बाईंनी स्वतःच्या रुमालाने मुलीचा घाम पुसला. सरांनी तिला वहीने वारा घातला. फक्त नमुना 'ब' समोर धरला की दोघंही कानावर हात ठेवत. वर्गातली मुलं भिंतीला चिकटून उभी होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "सर, मिरची मरेल का?" सरांनी त्याला अंगठे धरून उभं केलं.

शेवटी प्रकरण मोठ्या बाईंकडे आलं. म्हणजे दोघा शिक्षकांनी मुलीला एकेका बाजूने धरून, समान अंतर राखून, कार्यालयात आणलं. मोठ्या बाईंनी चष्मा लावला. त्यांची नजर मुलीकडे गेली आणि चेहरा उतरला. मग नमुना 'ब' पाहिला आणि चेहरा पुन्हा जागेवर आला.

"भाऊसाहेब, घंटेचा काळ कुठल्या तासात धरायचा?"

मी नियमावली काढली. समितीने चौदा पानं लिहिली होती. सहलीत, प्रार्थनेत, जिन्यावर, स्वच्छतागृहात, सगळीकडे दुखणं कुणाचं ते ठरवलं होतं. घंटेचा उल्लेख नव्हता.

"उल्लेख नाही, बाई."

"मग समिती बोलवायला हवी. सभासद किती?"

"सात. सातही जण आत्ता तासावर आहेत."

"जेवणाच्या सुट्टीत बोलवा. तोवर हिला आरोग्यकक्षात झोपवा."

आरोग्यकक्ष आमच्याकडे आहे, उत्तम आहे. लोखंडी खाट आहे, नवी गादी आहे, गादीवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच आहे. पुढच्या महिन्यात तपासणी होती आणि अधिकाऱ्यांना गादी नवी दिसायला हवी होती. तेव्हा तपासणी होईपर्यंत तिच्यावर कुणीही झोपू नये, असं मोठ्या बाईंचंच परिपत्रक होतं. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी स्वतःची सही ओळखली आणि मुलीला कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवायला सांगितलं. बाक अरुंद आहे, पाहुण्यांनी फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम तसा केलेला. मुलगी त्यावर अंगाची जुडी करून पडली.

"भाऊसाहेब, पाणी द्या ना," ती म्हणाली.

तोंडावाटे कोणताही पदार्थ देऊ नये, असा नियम आहे. पाणी पदार्थात येतं का, हा विषय सातव्या बैठकीत घ्यायचा ठरला होता. ती बैठक अजून झाली नव्हती. मी ग्लास भरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला. तिने तो स्वतः घेतला असता तर माझी काही हरकत नव्हती. तिचा हात पोचला नाही.

मग पालकांना कळवायचं. नोंदवहीतला आईचा नंबर फिरवला. पंखे दुरुस्त करणारा कोणी गृहस्थ बोलला.

"आपली पाल्य आजारी आहे," मी म्हणालो.

"अहो, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही! राँग नंबर आहे. कुणाची मुलगी? काय होतंय तिला?"

"पोटात दुखतंय. कोसळली आहे."

"मग मला काय फोन करताय, दवाखान्यात न्या की तिला! तुमच्याकडे दवाखाना नाही का?"

दवाखाना होता. शाळेच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की पलीकडे. माझ्या खिडकीतून त्याची पाटी दिसते. गृहस्थांचा सल्ला योग्य होता, पण पालकाचा नव्हता, म्हणून नोंदवला नाही.

"आईचा नंबर बदललाय," मिरची बाकावरून पुटपुटली. "नवा मला पाठ आहे." आणि तिने दहाही आकडे कण्हत कण्हत सांगितले.

आता नंबर बदलायचा तर पालकाने समक्ष येऊन अर्ज करावा लागतो. तोंडी नंबर धरत नाहीत, तोही नऊ वर्षांच्या मुलीने सांगितलेला. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आकडे माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होते. खोटं कशाला बोलू, माझं काळीज तुटत होतं. मला दोन मुली आहेत. पण बावीस वर्षांत वाकडा शेरा नाही, तो आता ओढवून घ्यायचा? फोन समोर होता आणि मी नियमावलीची पानं उलटत बसलो.

एवढा वेळ व्हरांड्यात एक बाई झाडत होत्या. शाळेतल्या सफाईच्या मावशी. मावशींना नियमावली दिलेली नाही, कारण त्या चौथ्या श्रेणीत येतात आणि प्रती तिसऱ्या श्रेणीपर्यंतच पुरल्या. त्यांनी झाडू भिंतीला लावला आणि सरळ आत आल्या.

"काय झालंय पोरीला?"

"चौकशी चालू आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशींनी मुलीच्या कपाळाला हात लावला. "अगं बाई, तव्यासारखी तापलीये! अन् चौकशी कसली करताय? बाळा, नंबर सांग परत." त्यांनी स्वतःच्या फोनवर नंबर लावला. पलीकडे शिलाईयंत्रांची घरघर ऐकू आली. मुलीची आई कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. "ताई, तुमच्या लेकीला समोरच्या दवाखान्यात नेतेय. तुम्ही तिकडंच या," एवढं बोलून त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं.

"मावशी, जबाबदारी अजून ठरलेली नाही!" भूगोलाचे सर म्हणाले.

"तुम्ही ठरवा निवांत. मी येते जाऊन."

फाटकावर रखवालदाराने गेटपास मागितला. त्याचंही बरोबर होतं, तो त्यासाठीच पगार घेतो. मावशी म्हणाल्या, "बाजूला होतोस, का तुझ्या गणवेशावर ओकू देऊ हिला?" रखवालदार बाजूला झाला. त्याच्याकडून नंतर खुलासा मागवला.

रस्ता ओलांडायला त्यांना दोन मिनिटं लागली. मुलगी बाकावर एक तास पाच मिनिटं होती.

आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर आत फुटलं असतं आणि मग त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. आई हातात कात्री तशीच घेऊन धावत आली होती. तिने कागदावर सही केली, शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली. बातमी आली तेव्हा कार्यालयात मोठ्या बाई खुर्चीत बसून रडल्या. मनापासून रडल्या, मी पाहिलंय. मग डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊसाहेब, मावशींना नोटीस काढा."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तुम्ही म्हणाल. पण विचार करा. मावशींना सोडलं असतं तर प्रश्न आला असता, की जे मावशींनी केलं ते बाकीच्यांनी का केलं नाही? आणि या प्रश्नाचं उत्तर देणारा नमुना आमच्याकडे नाही. म्हणून नोटीस मीच लिहिली. कामाची वेळ सोडली, गेटपास घेतला नाही, शाळेच्या वतीने अनधिकृत फोन केला. शेवटचं कलम मोठ्या बाईंनी स्वतः सांगितलं: "जिची जबाबदारी अद्याप निश्चित झाली नव्हती अशा विद्यार्थिनीची जबाबदारी परस्पर उचलली." मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काय करायला हवं होतं, भाऊसाहेब?" मी म्हणालो, "लेखी खुलासा द्या." त्यांनी खुलासा दिला. एकच ओळ होती: पोरगी मरत होती. समितीला तो समाधानकारक वाटला नाही.

शनिवारी पालकसभा झाली. सभागृह खचाखच भरलं. एवढी गर्दी निकालालाही नसते. एका गृहस्थांनी विचारलं, "ही शाळा आहे की कोंडवाडा?" टाळ्यांनी छत दणाणलं. "आमच्या मुलांचा जीव एवढा स्वस्त आहे काय?" पुन्हा टाळ्या. मग मिरचीची आई उठली. थेट दवाखान्यातून आली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती म्हणाली, "मला कुणाशी भांडायचं नाही. मावशींना कामावर ठेवा, एवढंच मागायला आलेय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुष खाकरले.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन कागद माझ्या हाती दिले. एकेका रांगेतून फिरवायला सांगितले.

पहिला कागद संमतीपत्र. 'माझा पाल्य शाळेत आजारी पडल्यास तो घरूनच आजारी आला होता असे समजण्यास माझी हरकत नाही. पुढील वर्षाचा प्रवेश कायम ठेवावा.' खाली सह्या. दुसरा कागद विनंतीपत्र. 'मावशींना कामावर ठेवावे.' खाली पालकाचं नाव, पाल्याचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक आणि सही.

पहिला कागद बारा मिनिटांत भरून आला. दोनशे चाळीस सह्या. दोघांनी विचारलं, खाली तारीख टाकायची का. एकाने विचारलं, धाकट्याचीही आत्ताच करून ठेवू का. दुसऱ्या कागदावर मिरचीच्या आईची सही झाली. तेवढीच झाली. सोमवारी मावशींचा हिशेब करून त्यांना मोकळं केलं.

आता एवढा वेळ तुम्ही माझ्यावर दातओठ खाताय, ते दिसतंय मला. खा, माझं काही म्हणणं नाही. पण तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या खुर्चीवर तुम्हीच होता ना? 'कोंडवाडा' म्हटल्यावर सगळ्यांत मोठी टाळी तुमची होती. दुसरा कागद तुमच्यासमोर आला, तुम्ही पेन उघडलंत, मुलाच्या नावाचा रकाना वाचलात आणि पेन मिटून मला हळूच म्हणालात, "भाऊसाहेब, आधी बाकीच्यांच्या होऊ द्या. मी आहेच." मी पुढच्या खुर्चीकडे गेलो. त्यांनीही हेच सांगितलं, आणि त्यांच्या पुढच्यांनीही.

मग तुम्ही का नाही केलीत सही, असं मला विचाराल. कर्मचाऱ्याने करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही, मी नियमावली तपासली. पेन माझ्याही खिशात होतं. मी तुमच्याकडे बघत होतो.