बगळ्याचा रेडा

बाळांनो, एका जंगलात निवडणूक आली. रोगराई न सांगता येते, ही सांगून येते, एवढाच काय तो फरक. निवडणूक होती पाणवठ्याच्या पंचायतीची.

भिवा नावाचा रेडा बगळ्याच्या पक्षात वीस पावसाळे राबला होता. सभेआधी सतरंजी अंथरायची, सभेनंतर उचलायची आणि मधल्या वेळात ओरडायचे, "तरस हटवा, पाणवठा वाचवा!" तरस विरोधी पक्षात होता. त्याने पाणवठ्याचा चिखलसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता.

"यंदा तिकीट तुलाच रे," बगळेसाहेब म्हणाले होते. साहेब पांढरेशुभ्र. नेहमी एका पायावर उभे. दुसरा पाय कुठे आहे, असे कोणी विचारत नसे.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी भिवा शिंगांना तेल लावून सभेला आला. पाहतो तर व्यासपीठावर तरस! साहेब त्याच्या गळ्यात पक्षाचे उपरणे घालत होते.

"तरसरावांचे मनपरिवर्तन झाले आहे," साहेब म्हणाले. "तिकीट त्यांनाच. भिवा, दे घोषणा!"

भिवाने तेल लावलेली शिंगे खाली घातली. पण साहेबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. आणि बिचाऱ्याला घोषणा एकच येत होती.

"तरस हटवा, पाणवठा वाचवा!"

सभा गार पडली.

"शिस्तभंग!" साहेब दुसऱ्या पायावर येत ओरडले. "सहा वर्षांसाठी हकालपट्टी! आणि जाताना सतरंजी उचल."

भिवाने सतरंजी उचलली. नाक ओढत तो बाहेर पडला, तोच मुंगूसताईंनी त्याला गाठले. ताई तरसाच्या जुन्या पक्षाच्या अध्यक्षा. त्यांच्याकडे आता उमेदवारच उरला नव्हता.

"भिवाराव, तुमच्यासारखा निष्ठावंत शोधून सापडायचा नाही! आमचं तिकीट घ्या."

जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी 'राव' म्हटले. तासाभरात गळ्यात हारही पडला.

ताईंच्या सभेत सतरंजी अंथरायला एक म्हातारे गाढव होते. तेही वीस पावसाळे तिकिटाची वाट पाहत होते. भिवा दिसताच ते सवयीने ओरडले, "बगळ्याचा रेडा, माघारी धाडा!"

भिवाने त्याच्याकडे पाहिले. त्याच्यासारखाच सतरंजीने सोललेला खांदा. त्याला क्षणभर भडभडून आले. मग त्याने हार सारखा केला.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या पक्षात शिस्त दिसत नाही."

तात्पर्य : निष्ठेचे फळ गोडच असते. फक्त ते खायला पक्ष बदलावा लागतो.