एकशे अठ्ठावीस चांगल्या लाद्या

"थळाच्या होड्यांचा बर्फ आता फोनवरनं येनार! आनि ते अ‍ॅप मी बनवलंय! एका दुपारात!"

असं मी मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं. मी म्हंजे गुणाजी, सोसायटीचा सेक्रेटरी, सातवी नापास.

शिवदासकाका तीस वर्षं कानावर पेन्सिल ठेवून वहीत बर्फ लिहितात. म्हणाले, "आनि चुकलं तर?"

"चुकलं तर सगळा बर्फ डोक्यावरनं वाहीन! एक भरती जरी हुकली, तर सेक्रेटरीपन सोडीन!"

आमचं तोंड म्हंजे वारा भरलेलं शीड. थांबतंय कुठं!

बनवायला काय न्हाय हो. जाहिरातीतच होतं, शिक्षण नको, नुसते चौकोन ओढा. मी ओढले. त्या दिवशी निघनाऱ्या प्रत्येक होडीला एक चौकोन, त्यात बर्फाच्या किती लाद्या ते लिहायचं. सगळे भरले की बेरीज होऊन कारखान्याला आपोआप मेसेज. मधेच फोननं विचारलं, चौकोनात काय चालेल? आकडा, अक्षर, का काहीही? आता दारात आलेल्याला आपन न्हाय म्हनतो का? दाबलं, 'काहीही'. मग विचारलं, कोन बदलू शकेल? दाबलं, 'सगळे'. मन मोठं हाय आपलं!

पहिल्या सकाळी तीनच होड्या निघायच्या होत्या, माझी, भागोजीची आनि सोनूबायची. मी ५ लिहिलं, भागोजीनं ७. सोनूबायनं लिहिलं, "८ चांगल्या, फुटक्या नको".

मी आरामात चहा पीत बसलो. तेवढ्यात बायको ओरडली, "अवो, बाहेर बगा! टेम्पोंची वरात आलीय!"

पाच टेम्पो! किनाऱ्याच्या वाटेवर लाद्या उतरतायत, धुराडं पेटल्यागत वाफ निघतेय!

कारखान्यातला अल्पेश फोनवर म्हणाला, "शेठ, तुमचाच मेसेज हाय. '१२८ चांगल्या, फुटक्या नको'. एकन्‌एक लादी बघून पाठवली!"

मी पोरीला हाक मारली. किशोरी अलिबागला कॉलेजात शिकते. तिनं फोन बघितला आनि कपाळावर हात मारला.

"बाबा, तुझ्या पाच नि भागोजीकाकाच्या सात, बारा झाल्या. सोनूआत्तीनं आकड्याला शेपूट लावलं. फोन म्हनला, हा आकडा न्हाय, हे लिखान. लिखानाची बेरीज होत न्हाय, म्हनून बारापुढं चिकटवून टाकलं!"

"मग त्यानं इचारायचं न्हाय?"

"इचारलं होतं की! तू 'काहीही' म्हनलास!"

तेवढ्यात भागोजी धावत आला. "घाबरू नको गुणाजी, मी सोनूबायचं पुसून टाकलं!"

झालं! सोनूबायनं आपला चौकोन रिकामा बघितला. बाई आधीच फटाक्याची माळ. तिनं परत लिहिलं, "८!! कोन पुसतो रं माझं?"

सगळे चौकोन भरले. मेसेज गेला.

अल्पेशचा फोन. "शेठ, आनखी १२८ निघाल्या. पन तुमचं कोन पुसतो ते मला न्हाय म्हाईत!"

"अरे थांबव!"

"टेम्पो फाट्यावर पोचले!"

दहा टेम्पो! किनाऱ्याची एकुलती वाट बंद. जाळी अलीकडं, डिझेल अलीकडं, होड्या पलीकडं. भरती आली, थोडा वेळ थांबली, आनि निघून गेली. तिन्ही होड्या चिखलात म्हशींसारख्या बसल्या. दोनशे छप्पन लाद्या, आनि गार करायला एक बांगडा न्हाय!

शिवदासकाका सावकाश आले. नुसती ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची एक चुंबळ माझ्या हातात दिली.

दुपारपर्यंत मी डोक्यावरनं वाहत होतो. शेवटी शेवटी तर नुसतं पानीच वाहत होतो!

दुसऱ्या दिवशी वही परत आली. सोनूबाय म्हणाली, "आठ! चांगल्या! फुटक्या नको!" काकांनी लिहिलं, ८.

मी म्हटलं, "काका, बाकीचं?"

"ते ऐकायचं असतं," काका म्हणाले, "लिहायचं नसतं."

अ‍ॅप अजून चालू हाय बरं का. त्यात आता एकच चौकोन भरलेला हाय. सोनूबायनं लिहिलंय, "सेक्रेटरी १, फुटका, नको".

मी रोज पुसतो. ती रोज लिहिते. 'सगळे' दाबलंय ना मी!