आठ बाजूंचा नवरा

"दे इकडे, मी करतो," असं मी म्हणालो, तेव्हा मला कुणीही विचारलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर कॉम्प्युटरवर फोडण्याचा माझा प्रयत्न घरात फसलेला आहे.

त्याचं असं झालं. आमची ही कॉम्प्युटरवर मूर्ती घडवते. माती नाही, पाणी नाही, हात बरबटत नाहीत. पडद्यावरच एक गोळा घ्यायचा आणि त्याला दाबून, ओढून, खरवडून नाक-डोळे काढायचे. घरातली कामं उरकून, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून ती हे शिकली. आता खेळणी बनवणाऱ्या एका स्टुडिओने तिच्याकडे नोकरीसाठी नमुना मागितला होता. माणसाचं डोकं, सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलेलं, पण एकाच चित्रात. म्हणजे डोकं थोडं थोडं वळवत जायचं, दर वळणावर थांबून त्याचं चित्र काढायचं आणि अशी आठ चित्रं ओळीने शेजारी-शेजारी लावायची. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण मूर्तीभोवती एक चक्कर मारून आलो.

डोकं तिने माझं घेतलं होतं. ("टीव्ही बघताना तुम्ही अजिबात हलत नाही," एवढंच कारण तिने दिलं. मी ते कौतुक समजलो.)

आठ चित्रं तयार झाली आणि नेमकी आईला दाताच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली. चित्रं एकत्र लावून पाचच्या आत पाठवायची होती. हिचा जीव नुसता खालीवर होत होता. म्हणून मी ते वाक्य बोललो.

"नुसती लावायची हं," ही चपला घालता घालता म्हणाली. "दुसरं काही करायचं नाही."

"अगं, मी विमा कंपनीतला हेडक्लार्क! कागद ओळीने लावण्यात केस पांढरे झाले माझे."

"जे होते ते," आई दारातून म्हणाली. (याचा अर्थ मला तासाभराने कळला.)

दोघी गेल्या. मी चहा करून घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं चित्र उघडलं. समोरून मी. काय सांगू, मला भरून आलं. कपाळ भव्य, नजर करारी. एवढं मला कुणी कधी निरखून बघितलं नव्हतं. दुसऱ्या चित्रात मान थोडी वळलेली. तिथेही मी बऱ्यापैकी विचारवंत दिसत होतो. तिसऱ्यात हनुवटीखाली आणखी एक हनुवटी निघाली. ठीक आहे, माणूस खाऊन-पिऊन सुखी आहे. मग मी मागची बाजू उघडली.

डोक्याच्या मागे, मधोमध, गोल गरगरीत टक्कल होतं. बशी ठेवावी एवढं.

माझी खात्रीच पटली की हिची चूक झाली. मी बाथरूममध्ये गेलो, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली, हिचा हातातला छोटा आरसा समोर धरला आणि मान वाकडी करून बघितलं. आधी कान दिसला. मग गिझर. मग बशी.

कुणी मला सांगितलं कसं नाही? रोज भांग पाडतो मी! समोरून पाडतो, हे खरं. पण आता हे टक्कल अनोळखी लोकांच्या स्टुडिओत जाणार, मोठं करून बघितलं जाणार, या विचाराने मला घाम फुटला. आणि त्याच घामात मला बुद्धी सुचली. कॉम्प्युटरवर रंगवायचा ब्रश होता. मी म्हटलं, हिच्या कलेला थोडा हातभार लावू.

मागच्या चित्रावर मी झकास दाट केस काढले. हात बसला होता, म्हणून शेजारच्या तिरप्या चित्रावर आणखी दाट काढले. तेवढ्यात वेळ संपत आली, त्यामुळे पलीकडच्या तिरप्या चित्राच्या वाट्याला चार-पाच रेघा आल्या. ओळ लावली, पाठवून दिलं आणि कृतकृत्य होऊन उरलेला चहा प्यायलो.

ही परत आली आणि चप्पल न काढताच टेबलाशी गेली.

"अहो, हे काय? डोकं फिरतंय की केस फिरतायत?"

"कुठे?"

"इथे झाडी, इथे जंगल, आणि इथे चार काड्या! अहो, नमुन्यात ते हेच तर बघतात, एका बाजूचं दुसरीशी जुळतंय का. आता त्यांना वाटेल, हिला डोकं मागून कसं असतं तेच ठाऊक नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. एवढी शरम मला टकलाची वाटली नव्हती. आईने तोंडातला कापूस काढला, "वडिलांवर गेलायस," असं मला सुनावलं आणि कापूस परत घातला.

हिने मूळ आठ चित्रं लावून लगेच पुन्हा पाठवली. थोड्याच वेळात स्टुडिओच्या मॅडमचा फोन आला. हिने स्पीकर लावला.

"तुमच्याकडून दोन चित्रं आलीत आणि दोन डोकी. आमच्याकडे माणूस बघून हुबेहूब घडवावा लागतो. तुम्ही बघून केलंय की अंदाजाने?"

हिने माझ्याकडे बघितलं. मग मीच पुढे झालो. "मॅडम, केस मी रंगवले. लाज वाटली म्हणून. हिचं काम अगदी बरोबर आहे. खरं डोकं इथेच आहे, दाखवू का?"

मॅडम म्हणाल्या, "दाखवा."

व्हिडिओ कॉल लागला. मी फिरत्या खुर्चीत ताठ बसलो. हिने खुर्ची पाठीमागून धरली आणि मला थोडं थोडं वळवायला सुरुवात केली. समोरून मी, तिरपा मी, बाजूने मी. दर वळणाला खुर्ची कुरकुरायची, मॅडम "थांबा" म्हणायच्या, समोरच्या चित्राशी मला ताडून बघायच्या आणि "हं, पुढे" म्हणायच्या. दुसरी हनुवटी पास झाली. ही आधी खुर्ची घाबरत घाबरत वळवत होती. हळूहळू तिचा हात बसत गेला, ते मला खुर्चीतून कळत होतं. शेवटी माझं तोंड भिंतीकडे आणि टक्कल मॅडमकडे झालं.

"जरा मान खाली," मॅडम म्हणाल्या. मी घातली. "वा! कडेची विरळ होत गेलेली केसांची रेघसुद्धा सोडली नाही तुम्ही. सोमवारपासून येता का?"

ही इतकी हरखली की खुर्ची सोडून टाळ्या वाजवायला लागली. आईने कापसासकट हसून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करूनच "अभिनंदन!" म्हणालो आणि छाती फुगवली.

"आमच्या नव्या बाहुल्यासाठी हेच डोकं घेऊ," मॅडम म्हणाल्या. "मागून फार गोड आहे. चेहरा तेवढा दुसऱ्या कुणाचा तरी बघा."

"हो हो, बघते ना," ही म्हणाली. आणि लगेच, तेवढ्याच उत्साहाने, "अहो, तुम्ही वळू नका, असेच बसा!"