पास्कूकाकांचा क्रम

चार भागांचा सिनेमा असेल तर पहिला भाग आधी बघावा, हे तुम्हाला कुणी समजावून द्यावं लागतं का? आमच्या पास्कूकाकांना लागतं, आणि समजावणारा मी दर रविवारी हरतो.

मालवणात आमच्या वाडीतला एकमेव व्हिडिओ त्यांचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलानं, आग्नेलनं, आणून दिलेला. अंतराळातल्या लढायांच्या इंग्रजी सिनेमाच्या कॅसेटही तोच पाठवतो. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की काका ओटीवर टीव्ही मांडतात, वाडी जमते. एका रविवारी तिसरा भाग, पुढच्या रविवारी पहिला, मग चौथा. दुसरा नाहीच. मग पुन्हा तिसरा.

तिसऱ्या भागात म्हातारा सेनापती मरतो. पहिल्यात तोच ताजातवाना होऊन हुकूम सोडतो. मासळीवाल्या रखमाकाकीला राहवेना.

"ह्यो गेल्या आयतवारी मेल्लो ना रे? आता जेवूक बसलो?"

"गप बस गो," काका म्हणाले. "क्रमान बघूचा. क्रम चुकलो काय सगळा चुकला."

हा क्रम! मी पत्रक काढलं: 'प्रेक्षकांनो, क्रम ठरवण्याचा हक्क तुमचा!' बाजारभर वाटलं. रविवारी ओटीवरच मतदान घेतलं. सगळे हात पहिल्या भागाला. काकांनीसुद्धा हात वर केला, आणि उठून तिसरा भाग लावला.

शेवटी कणकवलीच्या व्हिडिओवाल्याकडून मी दुसरा भाग भाड्यानं आणला, एसटीत मांडीवर सांभाळत. वाडीनं टाळ्या वाजवल्या. काकांनी कॅसेट घेतली, डबी सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात परत ठेवली. ही कुठली हुकूमशाही, म्हणून मी भांडायलाच उठलो.

"आग्नेल बघता, मगे माका धाडता," ते हळू म्हणाले. "तेका तिसरो आधी गावलो, म्हणान माका तो आधी. दुसरो तेका अजून गावलो नसतलो. मी तेच्या फुडे जावन काय करू?"

रखमाकाकीनं मला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

त्यानंतर गणपती झाले, नाताळ झाला. आग्नेलकडून ना कॅसेट, ना निरोप. काका तिसरा भाग लावतात, सेनापती मरतो, आम्ही बघतो.

हा क्रम चुकीचाच आहे, हे माझं मत कायम आहे. पण तुमच्या घरातलं कुणी बोटीवर असेल, तर त्याला एवढं कळवा: कुठल्याही बंदरात मालवणचा आग्नेल भेटला, तर म्हणावं, दुसरा भाग राहिलाय. आम्ही ओटीवर बसलोय.