मल्लूअण्णांचा ग्राउंड फ्लोअर

मल्लूअण्णांनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना काश्मीर दाखवलं, उरलेल्यांना केरळ. स्वतः मात्र ते दुधनीच्या पुढं कधी गेले नव्हते. दुधनी त्यांचं गाव, सोलापुरात त्यांचं टूर्सचं ऑफिस, आणि या दोन टोकांच्या मधे जेवढं जग मावतं तेवढंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण बोलायला बसले की ऐकत राहावं. "गुलमर्गला उतरला की डाव्या हाताला एक चहावाला हाय. त्याला फकस्त माझं नाव सांगा." आमच्या समोरचे जोशी गेले, डाव्या हाताला वळले, नाव सांगितलं. तिथं घोडेवाला होता. परत येऊन त्यांनी जाब विचारला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "सीझनला माणूस बदलतंय हो."

अण्णांचा सगळा धंदा एका शब्दावर चालतो. तो शब्द म्हणजे 'समजा'. खोलीत पंखा असला की "एसीच समजा." खिडकीतून दुसऱ्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसत असली की "लेक व्ह्यूच समजा." आपण समजून घेत राहायचं. न समजल्यास चूक आपली.

इथवर सगळं हसण्यावारी जातं. पण अण्णांचं निम्मं गिऱ्हाईक म्हातारं. मुलं पुण्याला, हातात पेन्शन, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. अशी माणसं ऑफिसात आली की पहिला प्रश्न एकच, पायऱ्या किती आहेत? अण्णांचं उत्तरही एकच. "पायऱ्या? हायेत, पण नावाला."

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका मास्तरांना त्यांनी डोंगरावरच्या हॉटेलात पाठवलं. "लिफ्ट आहे ना?" असं मास्तरांनी तीनदा विचारलं होतं. "लिफ्टच समजा," अण्णा म्हणाले होते. ती लिफ्ट म्हणजे एक खुर्ची आणि ती उचलणारे दोन गडी निघाले. त्यातला एक वाटेत तंबाखू मळायला थांबायचा, तेव्हा मास्तर दरीवर तिरके. अण्णांचं म्हणणं, "वर नेतंय ना? मग लिफ्टच की." वॉकरवाल्या एका काकूंना त्यांनी गाडीत वरचा बर्थ काढून दिला होता. का, तर वर हवा चांगली.

मी बँकेत काउंटरवर बसते. लोकांना नियम दाखवणं हाच माझा धंदा, त्यामुळं मी एकदा त्यांना सरळ विचारलं. "अण्णा, जबाबदारी म्हणून काही असते की नाही?"

"वैनी, बुकिंग माझं. पायाचं खातं माझ्याकडं न्हाय." आणि त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं पाटी लावलेली होती, 'प्रवाशांनी आपले सामान व आपले गुडघे स्वतः सांभाळावेत.' ती पेंटरकडून रंगवून घेतली होती, कडेला फुलंबिलं काढून. म्हणजे हा माणूस बेजबाबदार होताच, वर त्याची पाटी लावून बसला होता.

अशा माणसाकडं कोण जाईल? आम्ही गेलो. कारण सासूबाईंना मल्लूच हवा होता, जुन्या ओळखीचा म्हणून.

सासूबाईंनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात काम केलं. दुनियेला पांघरुणं पुरवली आणि स्वतः सोलापूरच्या उन्हाळ्यात ओल्या फडक्यानं मान पुसत राहिल्या. आता गुडघे गेले, व्हीलचेअर आली, छातीचंही दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, कुठं न्यायचं तर यंदाच न्या, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही. सासूबाईंची मागणी एवढीच होती. मे महिन्यात थंडी वाजली पाहिजे.

अण्णांच्या ऑफिसलाच पायऱ्या. त्यामुळं ते खाली आले आणि रस्त्यावर प्लॅस्टिकचं स्टूल टाकून सासूबाईंसमोर बसले.

"मल्लू, एकदा चादर अंगावर घिऊन झोपायचंय बघ. भर उन्हाळ्यात."

मला वाटलं, आता म्हणतील, कूलरच लावा, महाबळेश्वरच समजा. पण अण्णांनी खिशातून फोन काढला आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलला लावून हिंदीत ओरडायला लागले. "ग्राउंड फ्लोअर मतलब ग्राउंड फ्लोअर! ऊपर का एक माळा नहीं चलेगा. लिखके लो." फोन ठेवून मला म्हणाले, "वैनी, या टायमाला समजा-बिमजा न्हाय. एक पायरी चढायची न्हाय मावशीनं."

ते खरंच झालं. चढायची एकही नव्हती. उतरायच्या होत्या.

डोंगरातलं हॉटेल दरीत बांधतात. रस्त्याला लागून रिसेप्शन, तिथं दोन खोल्या, आणि बाकीचे मजले खाली. सगळ्यात तळाचा मजला तो ग्राउंड फ्लोअर. आम्ही सपाटीवरची माणसं. ग्राउंड म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे ग्राउंड, याच्या पलीकडं आमची अक्कल जात नाही. खाली बघितलं तर आमची खोली विहिरीच्या तळाशी असावी तशी दिसत होती, आणि लिफ्ट नव्हती. वरच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. मॅनेजर बुकिंग दाखवत म्हणाला, "तुम्हीच ठणकावून ग्राउंड फ्लोअर मागितलात." माणूस जन्मात पहिल्यांदा नीट काम करायला जातो आणि हे होतं.

ती रात्र सासूबाईंनी रिसेप्शनच्या सोफ्यावर काढायची ठरली. आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, सकाळी परत निघू, असे हाल करून राहण्यात अर्थ नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुमाला वाटंल तसं," आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी अण्णांना फोन लावला आणि बँकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गिळलेलं सगळं त्यांना ऐकवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "निघू नका. मी येतो."

मी ह्यांना म्हटलं, येतोय कसला, दुधनीला जाऊन बसेल.

सकाळी अण्णा दारात उभे. अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट, हातात पिशवी, आणि थंडीनं दातावर दात. गिऱ्हाइकांना स्वेटर घ्या म्हणून बजावणारा हा माणूस. आमच्याशी न बोलता ते तळापर्यंत उतरून गेले आणि धापा टाकत वर आले. मॅनेजरला म्हणाले, "चूक माझी हाय." हे वाक्य त्यांच्या तोंडून सोलापुरात कुणी ऐकलेलं नाही. मग वरच्या खोलीतलं नवपरिणीत जोडपं चहाला बाहेर आलं, आणि अण्णांनी त्यांना धरलं. "साहेब, वर काय ठेवलंय? गाड्यांचा आवाज. खाली जावा की. दरी हाताला लागतीय, माणूस न्हाय काणूस न्हाय. राजवाडाच समजा." जोडपं हसत हसत सामान घेऊन खाली गेलं. सासूबाई वरच्या खोलीत गेल्या. खोलीला बाहेर मोठी गच्ची होती.

हे आणि मी आत सामान लावत होतो, गच्चीचं दार उघडंच होतं. अण्णांनी व्हीलचेअर ढकलत कठड्यापर्यंत नेली. समोर सगळी दरी ढगांनी भरलेली.

"लई बेस हाय रे," सासूबाई म्हणाल्या. "तू कितींदा आलायस?"

"पयल्यांदाच," अण्णा म्हणाले. मग दरीकडं बघत, "आमची अव्वा, आई माझी, लई म्हणायची, मला बी ने की. सीझनला ऑफिस कोण बघणार? मी तिला सांगायचो, अव्वा, तितं लई पायऱ्या हायेत, तुला झेपायचं न्हाय."

"मग?"

"ऐकायची. ती गेल्यावर शेजारच्या बाया बोलायला आल्या, तवा कळलं. त्यांना सांगायची म्हणं, माझा मल्लू सारखा चल चल म्हणतोय, मीच न्हाय म्हणते." अण्णांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. "मी एकदा बी चल म्हटलं न्हवतं, मावशी."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. त्यांना ऐकवायला ठेवलेलं अजून बरंच शिल्लक होतं, ते टॉवेलासोबत घडी घालून ठेवलं. सासूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "हुबा ऱ्हा हितं. घाई हाय का तुला?"

"न्हाय," अण्णा म्हणाले.

चाकाला ब्रेक लावलेला होता, जमीन सपाट होती, खुर्ची कुठंही जाणार नव्हती. तरी जेवायला हाक मारेपर्यंत अण्णांनी तिच्या दांड्यावरचे हात काढले नाहीत.